तळाचा थेंब मोजा: पाण्याच्या नमुन्यांसाठी द्रव सूक्ष्म-निष्कर्षण, टप्प्याटप्प्याने

चतुर्थी संपली की आमच्याकडे एमएस्सीच्या प्रकल्पांची लगबग सुरू होते. कुणी फोंड्याच्या विहिरींत कीटकनाशक शोधतं, कुणी मांडवीच्या पाण्यात जळक्या तेलाचे अंश. डिसेंबर उजाडेपर्यंत सगळ्यांची तक्रार एकच असते: "एकाच बाटलीतलं पाणी तीन नळ्यांत घेतलं, तर तीन आकडे वेगवेगळे येतात." मग जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) दोष दिला जातो, कॉलम बदलला जातो. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत यंत्र ठीकच होतं. शोधनिबंधातली प्रमाणं तशीच्या तशी उतरवून घेतलेली असतात आणि तळाशी जमलेला थेंब नेमका किती भरला हे कुणी मोजलेलंच नसतं.

हा लेख विखुरित द्रव-द्रव सूक्ष्म-निष्कर्षणाबद्दल आहे. प्रयोगशाळेत सगळे त्याला डीएलएलएमई म्हणतात. पाच मिलिलिटर पाण्यात ॲसिटोनसारख्या डिस्पर्सरमध्ये (द्रावक पाण्यात विखुरणाऱ्या द्रवात) विरघळवलेला काही मायक्रोलिटर निष्कर्षक द्रावक जोरात सोडायचा. पाण्यात ढग तयार होतो, हवा असलेला पदार्थ द्रावकाच्या सूक्ष्म थेंबांत शिरतो. सेंट्रिफ्यूज केलं की सगळं तळाशी एका थेंबात जमतं, आणि तो थेंब यंत्रात जातो. उदाहरण म्हणून मी क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक घेतलं आहे. ते शेतात वापरलं गेलं, तसंच घराच्या पायाला वाळवीवर उपाय म्हणूनही ओतलं गेलं, आणि गोव्यात घर आणि विहीर यांत अंतर फार नसतं.

## टप्पा १: तुमचा पदार्थ या पद्धतीत बसतो का?

बाटली घेऊन विहिरीवर जाण्याआधी कागदावर दोन गोष्टी बघा.

पहिली, पदार्थाला पाणी आवडतं की तेल. ऑक्टेनॉल-पाणी वाटप गुणांकाचा लॉग क्लोरपायरिफॉससाठी पाचच्या आसपास आहे, म्हणजे संधी मिळताच तो पाणी सोडून द्रावकात जातो. मोनोक्रोटोफॉससाठी हाच आकडा शून्याच्या खाली आहे. ते पाण्यातच राहणार, कितीही ढग करा. ग्लायफोसेटचंही तेच. दर वर्षी एखादा विद्यार्थी ग्लायफोसेट आणि डीएलएलएमई यांची जोडी जमवायला निघतो आणि दोन महिने घालवून बसतो. २,४-डी हे आम्ल आहे. साध्या पीएचला ते आयन रूपात असतं, म्हणून पाण्याचा पीएच २ च्या खाली आणल्याशिवाय ते द्रावकात येत नाही.

दुसरी, तुम्हाला किती पट सांद्रण (तीव्रतेतली वाढ) हवं आहे. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरपायरिफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, तर अनेकवलयी सुगंधी हायड्रोकार्बनांची, म्हणजे पीएएचची, ०.१ मायक्रोग्रॅम. समजा तुमचं यंत्र द्रावकात लिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत भरवशाने वाचतं आणि निष्कर्षणात ४०० पट सांद्रण मिळतं. म्हणजे पाण्यात तुम्ही ०.१२५ मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचलात. क्लोरपायरिफॉससाठी हे भरपूर झालं, पीएएचसाठी अपुरं. हा हिशेब आधी मांडला नाही तर प्रकल्पाच्या शेवटी "आढळले नाही" असं लिहावं लागतं, आणि त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

## टप्पा २: पाणी आणणं

गडद रंगाची काचेची बाटली, आत टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण. बाटली काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. बर्फाच्या पेटीतून आणा, ४ अंशांना अंधारात ठेवा आणि सात दिवसांच्या आत निष्कर्षण उरका. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन मारण्यासाठी बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घालून ठेवा, कारण क्लोरीन क्लोरपायरिफॉसचं ऑक्सिडीकरण करतं. पाणी अल्कधर्मी असेल तर जास्तच घाई करा, क्लोरपायरिफॉस त्यात हळूहळू तुटत जातं.

पावसाळ्यात डिचोली-सांगे भागातलं पाणी लाल येतं. ते तसंच घेऊ नका. बारीक माती ढगातले थेंब धरून ठेवते आणि तळाशी थेंबाऐवजी चिखलाचा पापुद्रा बसतो. काचतंतूच्या फिल्टरमधून गाळून घ्या. मात्र गाळल्यावर मातीला चिकटलेलं कीटकनाशक फिल्टरवरच राहतं हे ध्यानात असू द्या. अहवालात "विरघळलेला अंश" असं स्पष्ट लिहा. गाळलेल्या आणि न गाळलेल्या पाण्याचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडू नका.

## टप्पा ३: द्रावक निवडणं

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्म्या चुका इथेच रुजतात.

निष्कर्षक द्रावकाला चार अटी लागू होतात: पाण्यात जवळपास न विरघळणं, पाण्यापेक्षा स्पष्टपणे जड किंवा हलका असणं, तुमचा पदार्थ ओढून घेणं, आणि यंत्राला चालणं.

विद्राव्यतेपासून सुरुवात करू. क्लोरोफॉर्म पाण्यात लिटरला सुमारे ८ ग्रॅम विरघळतं. म्हणजे पाच मिलिलिटर पाणी ४० मिलिग्रॅम, साधारण २७ मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, एकटंच गिळून टाकतं. तुम्ही २० मायक्रोलिटर घातलंत तर तळाशी काहीच दिसणार नाही, आणि तुम्ही सेंट्रिफ्यूज पुन्हा पुन्हा फिरवत बसाल. क्लोरोबेंझीन लिटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे पाच मिलिलिटरला दोन-अडीच मायक्रोलिटर. टेट्राक्लोरोएथिलीन त्याहूनही कमी. त्यात ॲसिटोन पडलं की पाण्याची द्रावक गिळण्याची ताकद वाढते. म्हणून घातलेला द्रावक आणि जमलेला थेंब यांच्या आकारमानात नेहमी तफावत असते, आणि ती ॲसिटोन, मीठ आणि तापमान यांच्याप्रमाणे बदलत जाते.

आता घनता. क्लोरोफॉर्म १.४८, टेट्राक्लोरोएथिलीन १.६२, क्लोरोबेंझीन १.११. गोड्या पाण्यात तिन्ही खाली बसतात. पण वजनाने २० टक्के मिठाच्या द्रावणाची घनता १.१५ होते. तिथे क्लोरोबेंझीन वर तरंगतं! १० टक्क्यांना घनता १.०७ असते, तेव्हा ते कसंबसं बसतं, वेळ घेतं आणि काठावर चिकटून राहतं. "मीठ घातल्यावर थेंबच गायब झाला" म्हणून आलेल्या विद्यार्थ्याच्या नळीत मी एकदा वरच्या पृष्ठभागावर बोट दाखवलं होतं. थेंब तिथेच होता.

यंत्राचा विचार तिसरा. इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर असेल तर क्लोरीनयुक्त द्रावक अजिबात नको. द्रावकाचाच महाकाय पीक (आलेखावरचं शिखर) येतो आणि डिटेक्टर सावरायला बराच वेळ घेतो. एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफ) असेल तर क्लोरीनयुक्त थेंब थेट सोडता येत नाही. नायट्रोजनच्या हलक्या झोतात तो उडवून मिथेनॉलमध्ये घ्यावा लागतो, आणि त्यात बाष्पशील पदार्थ हरवतात. जीसी-एमएस (वस्तुमान मोजणारा डिटेक्टर जोडलेला जीसी) किंवा फॉस्फरसला संवेदनशील डिटेक्टर असेल तर क्लोरपायरिफॉससाठी क्लोरोबेंझीन हा मला सर्वांत समंजस आरंभ वाटतो.

डिस्पर्सर म्हणून ॲसिटोन, ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल. तो पाण्यातही पूर्ण मिसळला पाहिजे आणि निष्कर्षकातही. कमी पडला तर ढग होत नाही. फार झाला तर पदार्थ पाण्यातच रमतो. पाच मिलिलिटर पाण्याला एक मिलिलिटरपासून सुरुवात करा, मग ०.५ आणि १.५ करून बघा.

सावधान: कार्बन टेट्राक्लोराइडचे जुने निबंध अजून सगळीकडे फिरतात. ते यकृताला घातक आहे, शिवाय ओझोनचा थर विरळ करणाऱ्या नियंत्रित पदार्थांत मोडतं. कपाटात जुनी बाटली सापडली तरी ती वापरू नका.

## टप्पा ४: काचसामान आणि ब्लँक

निमुळत्या तळाच्या दहा मिलिलिटरच्या काचेच्या सेंट्रिफ्यूज नळ्या घ्या. गोल तळाच्या नळीत दहा मायक्रोलिटरचा थेंब पसरतो, मग तो ना उचलता येतो ना मोजता. पॉलिस्टायरीनच्या स्वस्त पारदर्शक नळ्या तर नकोच, क्लोरोबेंझीन त्या विरघळवतं.

नळ्या धुवा, शेवटी ॲसिटोनने विसळा, तोंड खाली करून वाळवा. मीठ वापरणार असाल तर ते चिनी मातीच्या वाटीत ४०० अंशांना काही तास भाजा. आपल्या दमट हवेत मीठ पाणी ओढतं आणि गठ्ठा होतं, तेव्हा भाजल्यावर लगेच डेसिकेटरमध्ये ठेवा. भाजल्याने त्यातले सेंद्रिय अंशही जातात.

तपासणी: खरा नमुना हातात घेण्याआधी शुद्ध पाण्याचा एक ब्लँक (शोधायचा पदार्थ नसलेली तुलनेची नळी) सगळ्या पायऱ्यांतून न्या. जीसी-एमएसवर १४९ वस्तुमानाचा मोठा पीक दिसला तर समजा, प्लास्टिकमधलं थॅलेट आत शिरलं आहे. दोषी बहुधा हातमोजे, टिप किंवा झाकणाचं अस्तर असतं. ब्लँक स्वच्छ होईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: खारेपणा सारखा करणं

गोव्यातल्या नमुन्यांसाठी ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि बाहेरच्या निबंधांत तिचा उल्लेखही नसतो. मांडवी-झुआरीच्या खाडीत पावसाळ्यात वरचं पाणी जवळपास गोडं होतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत मुखाजवळ ते समुद्राइतकं खारं. खाजनातलं (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतातलं) पाणी मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारावर अवलंबून, सकाळ-संध्याकाळ वेगळं.

मीठ दोन गोष्टी करतं. पदार्थाला पाण्यातून बाहेर ढकलतं, म्हणजे प्राप्ती (एकूण पदार्थापैकी थेंबात येणारा वाटा) वाढू शकते. आणि निष्कर्षक द्रावकालाही बाहेर ढकलतं, म्हणजे तळाचा थेंब मोठा होतो. मोठ्या थेंबात पदार्थ पातळ होतो. प्राप्ती तीच राहिली तरी यंत्रावरचा आकडा खाली येतो.

या चुकीत मी स्वतः पडलो आहे. उन्हाळ्यात सारमानस, दिवाडी आणि रायबंदर अशा तीन ठिकाणचं पाणी घेतलं. समुद्राकडे जाताना आकडा सुरेख उतरत गेला आणि मी खुशाल लिहिलं की भरतीच्या पाण्याने प्रदूषण विरळ होतं. आलेख इतका गुळगुळीत होता की शंकाच आली नाही. महिन्याभराने वहीत थेंबांची आकारमानं लिहिलेली सापडली, केवळ सवयीने टिपलेली. ती रायबंदरकडे वाढत गेली होती. हिशेब दुरुस्त केल्यावर तिन्ही ठिकाणांतला फरक मोजणीतल्या त्रुटीच्या मर्यादेत विरून गेला. ते पान मी अजून जपून ठेवलं आहे.

उपाय सोपा आहे. प्रत्येक नमुन्याची क्षारता (लिटरमागे मिठाचे ग्रॅम) मोजा आणि सगळे नमुने संचातल्या सर्वांत खाऱ्या नमुन्याच्या पातळीवर आणा. समजा ती पातळी लिटरला ३५ ग्रॅम आहे. क्षारता १२ असलेल्या नमुन्याला लिटरमागे २३ ग्रॅम कमी पडतं, म्हणजे पाच मिलिलिटरला ०.११५ ग्रॅम मीठ घाला. विहिरीच्या गोड्या पाण्याला ०.१७५ ग्रॅम. ब्लँक आणि कॅलिब्रेशनच्या (तुलनेसाठी ज्ञात प्रमाण घातलेल्या) नळ्यांनाही तेवढंच. या पातळीला पाण्याची घनता १.०२ च्या जवळ असते, त्यामुळे क्लोरोबेंझीन निर्धास्त खाली बसतं.

मीठ घालण्यापूर्वी सरोगेट, म्हणजे तुलनेसाठी ज्ञात प्रमाणात घालायचा सोबतीचा पदार्थ, घाला. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांसाठी ट्रायफेनिल फॉस्फेट चांगलं चालतं. ठरावीक तीव्रतेच्या द्रावणाचे १० मायक्रोलिटर प्रत्येक नळीत, न चुकता. थेंब छोटा-मोठा झाला तरी क्लोरपायरिफॉस आणि सरोगेट यांचं गुणोत्तर टिकून राहतं. पुढे काही बिनसलं तर याच एका पायरीमुळे नमुना वाचतो.

## टप्पा ६: ढग करणं

दहा नळ्यांसाठी बारा मिलिलिटर मिश्रण करा: ११.७६ मिलिलिटर ॲसिटोन आणि २४० मायक्रोलिटर क्लोरोबेंझीन. म्हणजे प्रत्येक मिलिलिटरात २० मायक्रोलिटर निष्कर्षक. हे रोज ताजं करा. मे महिन्यात बूच सैल राहिलं तर दुपारपर्यंत ॲसिटोन उडतं आणि सकाळच्या नळ्या व संध्याकाळच्या नळ्या वेगळ्या होतात.

१. नळीत पाच मिलिलिटर पाणी, सरोगेट, मग मीठ. बूच लावून मीठ पूर्ण विरघळेपर्यंत हलवा.

२. एक मिलिलिटर मिश्रण काचेच्या सिरिंजमध्ये घ्या, बुडबुडे काढून टाका.

३. सुई पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा वर धरा आणि एका दमात, जोरात सोडा.

४. नळी हळू दोन-तीन वेळा उलटसुलट करा. जोरजोरात झटकू नका.

पाणी पातळ ताकासारखं पांढरट झालं पाहिजे, वरपासून खालपर्यंत एकसारखं. ढगातल्या थेंबांचा एकूण पृष्ठभाग इतका मोठा असतो की पदार्थ काही सेकंदांतच स्थिरावतो, जास्त वेळ थांबून काही मिळत नाही. मात्र सगळ्या नळ्यांना सारखाच वेळ द्या.

तपासणी: ढगाऐवजी काचेच्या भिंतीवर तेलकट टिपके दिसले तर सिरिंज हळू दाबली गेली किंवा ॲसिटोन कमी पडलं. ती नळी बाजूला ठेवा. तिच्यात पुन्हा मिश्रण ओतून "दुरुस्त" करू नका.

## टप्पा ७: सेंट्रिफ्यूज

३,००० ते ४,००० आरपीएमला पाच मिनिटं पुरेत. काचेच्या नळीची सहनशक्ती उत्पादकाच्या माहितीत बघा, फक्त आरपीएमवर जाऊ नका, रोटरच्या त्रिज्येप्रमाणे बल बदलतं. समोरासमोरच्या नळ्या तराजूवर तोलून ठेवा. यंत्राला ब्रेक असेल तर बंद करा, झटक्याने थांबलं की थेंब विस्कटतो. मध्येच वीज गेली तर आल्यावर पूर्ण पाच मिनिटं पहिल्यापासून फिरवा. सगळा गट एकाच वेळी थांबला होता, तेव्हा तो एकाच वेळी पुन्हा फिरेल, नुकसान नाही.

पाणी गढूळच राहिलं तर दुसऱ्यांदा फिरवा. खाजनाच्या किंवा तळ्याच्या पाण्यातल्या ह्युमिक पदार्थांमुळे थेंबाच्या वर एक साय जमते. ती फुटत नसेल तर नमुना अर्ध्यावर विरळ करून सुरुवातीपासून करा.

## टप्पा ८: थेंब उचलणं आणि मोजणं

इथे घाई नको. खुर्चीवर बसा, नळी डोळ्यांच्या रेषेत धरा, मागे काळा कागद लावा. तळाशी एक चकचकीत मणी दिसेल.

आधी पाश्चर पिपेटने वरचं बरंचसं पाणी काढून टाका, थेंबाच्या वर अर्धा मिलिलिटर ठेवा. मग २५ मायक्रोलिटरची बोथट सुईची सिरिंज घ्या आणि दट्ट्या थोडा मागे ओढून आत हवा धरा. सुई पाण्यातून खाली नेताना हवा अगदी सावकाश बाहेर ढकलत राहा, म्हणजे पाणी सुईत शिरणार नाही. टोक तळाला टेकलं की थांबा. दोन सेकंद. मग दट्ट्या हळूहळू वर घ्या.

संपूर्ण थेंब आत आला की मागोमाग थोडं पाणी येईल. सिरिंजच्या नळीत दोन्हींमधली सीमारेषा स्वच्छ दिसते. त्या रेषेपर्यंतचा आकडा वाचा आणि लगेच वहीत लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतं.

थेंब कुपीच्या आतल्या १०० मायक्रोलिटरच्या काचेच्या इन्सर्टमध्ये सोडा आणि पाणी सिरिंजमध्येच अडवून धरा. एवढ्याशा थेंबात निर्जल सोडियम सल्फेट टाकू नका, ते निम्मा थेंब पिऊन टाकतं.

या आकड्याने किती फरक पडतो ते बघा. पाच मिलिलिटर पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम क्लोरपायरिफॉस, म्हणजे एकूण ५० नॅनोग्रॅम. त्यातलं ७२ टक्के, ३६ नॅनोग्रॅम, थेंबात आलं. थेंब ९ मायक्रोलिटरचा असेल तर यंत्र मायक्रोलिटरला ४ नॅनोग्रॅम दाखवेल. १२ मायक्रोलिटरचा असेल तर ३. पाणी तेच, पदार्थ तेवढाच, आणि आकड्यात पंचवीस टक्क्यांची घट. सुरुवातीला सांगितलेले तीन नळ्यांचे तीन आकडे इथूनच येतात.

तपासणी: शुद्ध पाण्याच्या सहा नळ्या ओळीने करा आणि फक्त थेंबांची आकारमानं लिहा, यंत्राकडे जाऊच नका. ती एकमेकांच्या पाच-सात टक्क्यांत येईपर्यंत हाच सराव करा. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी पहिला आठवडा हेच करायला लावतो. बऱ्याच जणांना ते शिक्षा वाटतं, पण पुढचे तीन महिने वाचतात.

## टप्पा ९: हिशेब आणि कॅलिब्रेशन

सांद्रण गुणक म्हणजे थेंबातली तीव्रता भागिले पाण्यातली मूळ तीव्रता. प्राप्ती म्हणजे सांद्रण गुणक गुणिले थेंबाचं आकारमान भागिले पाण्याचं आकारमान, गुणिले शंभर. वरच्या पहिल्या उदाहरणात ४०० गुणिले ९ भागिले ५,०००, म्हणजे ७२ टक्के. दोन्ही आकडे द्या. नुसता मोठा सांद्रण गुणक मिरवू नका. थेंब लहान केला की तो आपोआप वाढतो आणि प्राप्ती मात्र घसरत असते.

कॅलिब्रेशन द्रावकातल्या स्टँडर्डने (ज्ञात तीव्रतेच्या द्रावणाने) करू नका. पाण्यात ज्ञात प्रमाण घाला, खारेपणा सारखा करा आणि नमुन्यासारख्याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. आलेख क्लोरपायरिफॉस आणि सरोगेट यांच्या गुणोत्तराचा काढा. दर दहा नमुन्यांमागे एक ब्लँक, एक स्पाइक केलेला (ज्ञात प्रमाण मुद्दाम घातलेला) नमुना आणि एक दुबार नमुना ठेवा. स्पाइक निदान दोन पातळ्यांवर असावा. कीटकनाशक अवशेषांच्या कामात ७० ते १२० टक्के प्राप्ती आणि २० टक्क्यांपर्यंत सापेक्ष विचलन सर्वसाधारणपणे स्वीकारलं जातं.

जीसी-एमएसवर क्लोरपायरिफॉससाठी १९७, १९९ आणि ३१४ ही वस्तुमानं बघा, आणि तिन्हींची गुणोत्तरं स्टँडर्डशी जुळली तरच नाव द्या. क्लोरोबेंझीन १३२ अंशांना उकळतं. हेक्झेनसाठी ठरवलेला सॉल्व्हंट डिले (द्रावक निघून जाईपर्यंत डिटेक्टर बंद ठेवण्याचा वेळ) तसाच ठेवला तर द्रावक आत असतानाच फिलामेंट पेटतो आणि लवकर जळतो. आधी नुसतं क्लोरोबेंझीन सोडून त्याचा पीक कधी संपतो ते पाहा.

## नवे पर्याय, आणि ते कधी घ्यावेत

क्लोरीनयुक्त द्रावकापासून सुटका हवी असेल तर गोठणारा तरंगता थेंब हा माझा पहिला कौल. १-डोडेकॅनॉल पाण्यापेक्षा हलकं आहे आणि २४ अंशांच्या आसपास गोठतं. सेंट्रिफ्यूजनंतर नळी पाच मिनिटं बर्फात ठेवा, वर पांढरी टिकली घट्ट होते, ती छोट्या स्पॅच्युलाने उचलून कुपीत ठेवा. खोलीत ती वितळते. इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरलाही हे चालतं. आपल्या हवेत दोन अडचणी येतात. एसी २२ वर असला तर बाटलीतलं डोडेकॅनॉलच गोठून बसतं आणि पिपेटमध्ये चढत नाही. आणि बाहेर ३२ अंशांना टिकली उचलता उचलता सुटते, म्हणून स्पॅच्युलाही बर्फावर ठेवा. बर्फातून काढलेल्या नळीवर आपल्याकडे लगेच दव धरतं. ते पुसल्याशिवाय नळी कुपीवर वाकवू नका, बाहेरचं पाणी आत ठिबकतं. एचपीएलसीला देण्याआधी टिकली मिथेनॉलमध्ये विरघळवा.

डिस्पर्सरच टाळायचा असेल तर व्हॉर्टेक्स मिक्सरवर ढग करता येतो, किंवा नळीतलं पाणी आणि द्रावक काचेच्या सिरिंजने दहा-बारा वेळा ओढून-सोडूनही. या दुसऱ्या पद्धतीला कसलंच यंत्र लागत नाही. ॲसिटोन नसल्याने प्राप्ती बरेचदा सुधारते. फक्त ओढण्या-सोडण्याची संख्या प्रत्येक नळीला तीच ठेवा.

सांडपाणी, मातीमिश्रित पाणी, रक्त यांसारखे घाण नमुने असतील तर ढगाच्या मागे लागूच नका. पोकळ तंतू वापरा. सच्छिद्र पॉलिप्रोपिलीनच्या बारीक नळीच्या छिद्रांत द्रावक भरलेला असतो, कचरा बाहेर राहतो आणि आतल्या पोकळीत स्वच्छ अर्क मिळतो. आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी औषधांसाठी आत-बाहेर वेगळा पीएच ठेवून निवड आणखी नेमकी होते. वेळ मात्र अर्धा-पाऊण तास लागतो.

मेंथॉल-थायमॉलसारख्या डीप युटेक्टिक द्रावकांची (दोन घन पदार्थ मिसळल्यावर द्रव होणाऱ्या मिश्रणांची) सध्या फार चलती आहे. समान मोल घ्या (१.५६ ग्रॅम मेंथॉल, १.५० ग्रॅम थायमॉल), कोमट करून ढवळा, पारदर्शक द्रव होतो. वास ओव्याच्या अर्कासारखा. विषारीपणा कमी, स्वस्त, घरच्या घरी करता येणारा. पण तो तरंगतो, आणि थायमॉल पाण्यात लिटरला जवळपास एक ग्रॅम विरघळतं. म्हणजे पाच मिलिलिटर पाणी त्यातलं चार-पाच मिलिग्रॅम काढून घेतं. पन्नास मायक्रोलिटर वापरलेत तर वरच्या थराचं प्रमाण मूळचं राहत नाही. जीसीवर दोन्ही घटकांचे अजस्र पीक येतात, यूव्हीवर थायमॉल स्वतः दिसतं. म्हणून आधी तुमच्या पदार्थाचा पीक त्यांच्यापासून दूर आहे का ते पाहा. नुसतं "हिरवं" म्हणून निवडू नका.

## टप्पा १०: उरलेलं पाणी

थेंब काढून झाला की नळीतलं पाणी सिंकमध्ये ओतायचा मोह होतो. त्यात विरघळलेलं क्लोरोबेंझीन आणि ॲसिटोन आहे, शिवाय स्पाइकच्या नळ्यांत तुम्ही घातलेलं कीटकनाशक. क्लोरीनयुक्त कचऱ्याची वेगळी, नाव लिहिलेली, घट्ट झाकणाची बाटली फ्यूमहूडमध्ये ठेवा आणि धुण्याचं पहिलं पाणीही तिच्यातच जाऊ द्या. सगळं काम फ्यूमहूडमध्येच करा. एसी तीच हवा खोलीभर फिरवत राहतो. नायट्राइलचे हातमोजे क्लोरोबेंझीन फार वेळ अडवत नाहीत. थेंब उडाला की हातमोजा लगेच बदला, दिवसाअखेरीची वाट बघू नका. सिरिंज ॲसिटोनने दहा वेळा धुवा, दट्ट्या काढून वाळवा, आणि पुढच्या गटाच्या पहिल्या ब्लँकमध्ये क्लोरपायरिफॉस दिसतं का ते बघा. दिसलं तर सिरिंज अजून स्वच्छ झालेली नाही.